मुळशीच्या घाटवाटांवरचे मुक्काम

मुळशी तालुक्याची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची धार. घनगड, तेलबैला, ताम्हिणी या पट्ट्यात देश संपतो आणि सहा-सातशे मीटर खाली कोकण लागते. रस्ते होण्यापूर्वी ही उतरण पायवाटांनीच पार होई. वाघजाई घाटाची वाट तेलबैल्याकडून ठाणाळ्याला उतरते, तर सवाष्णीची वाट सुधागडाच्या पायथ्याकडे जाते. या वाटांच्या इतिहासात चालण्याइतकेच महत्त्व थांबण्याला आहे. दिवस मावळला, पाऊस लागला, बैल दमले, जकात चुकती व्हायची राहिली, जंगलातून एकट्याने जाणे धोक्याचे वाटले, की वाटसरूला थांबावेच लागे. ही थांबण्याची वेळ कशी काढायची, याची पक्की घडी घाटाच्या दोन्ही अंगांना बसलेली होती.

त्यातला सर्वांत लांब आणि सर्वांत जुना मुक्काम बौद्ध भिक्खूंचा. एरवी फिरतीवर असणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. वाघजाई घाटाखालची ठाणाळ्याची लेणी आणि तिथून जवळच असलेली नेणवलीची लेणी या नियमाची साक्ष देतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी घाटवाटांच्या जवळ आहेत आणि तशी असणे स्वाभाविक होते. व्यापाऱ्यांच्या दानावर संघ चाले आणि संघाच्या वस्तीमुळे वाटेला निवारा मिळे. शेजारच्या मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, श्रेष्ठीचे नाव आहे आणि यवनांचीही आहेत. अशा विहारांची रचना बारकाईने पाहण्यासारखी असते. मधे मोकळे दालन, भोवती माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या खोल्या, खोलीत कातळातच सोडलेला झोपण्याचा ओटा आणि बाहेर पावसाचे पाणी धरणारे टाके. कोरड्या जागी झोप आणि हाताशी पाणी, या दोन गरजा कारागिरांनी आधी भागवल्या होत्या.

पुढच्या काळात घाट गजबजले ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांनी. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई आणि देशावरून धान्य, गूळ, कडधान्ये खाली जात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादलेल्या असत आणि अरुंद वाटेवर वर येणारा तांडा व खाली जाणारा तांडा समोरासमोर आला, तर एकाला कडेला थांबणे भागच पडे. मुक्कामाची जागा तीन गोष्टींवर ठरे: पाणी, चारा आणि मोकळे मैदान. तळावर पोचल्यावर पहिले काम गोण्या उतरवण्याचे. ओझ्याखाली बैलाची पाठ सोलवटली असेल, तर तिच्यावर इलाज त्या रात्रीच करावा लागे; जखमी पाठीचा बैल दुसऱ्या दिवशी घाट चढत नसे. गोण्या शिवणे, नाल बसवून घेणे, पुढच्या बाजारातला भाव विचारणे ही सगळी कामे मुक्कामातच उरकत. विश्रांती हा शब्द या थांब्याला अपुरा आहे.

एकट्या-दुकट्या वाटसरूची सोय गावे करीत. देवळाची ओवरी, चावडी किंवा धर्मशाळा हा त्याचा उतारा. मोठ्या वाटांवर सरदार-मुत्सद्द्यांनी पुण्यकर्म म्हणून बांधकामे केली. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले, ते याच भावनेतून. मुळशीच्या आडवाटांच्या वाट्याला असे बांधकाम फारसे आले नाही. इथे देवीचे ठाणे, कातळातले टाके आणि गावकऱ्यांची ओसरी यांवरच भागत असे.

या सोयीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. वाटसरूला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, सरकारी माणसाचे सामान वाहणे, वेशीवर पहारा करणे ही कामे गावच्या महार वतनदारावर लादलेली होती. मोबदल्यात वतन आणि बलुते असले, तरी त्यात वेठीचा भाग मोठा होता. ज्या देवळाच्या ओवरीत परगावचा सवर्ण पाहुणा निर्धास्त झोपे, तिथे पाऊल ठेवायची मुभा त्याला वाट दाखवणाऱ्याला नव्हती. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या सक्तीच्या श्रमावर उभी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

घाटमाथ्यावरचे किल्लेही या वाहतुकीशी बांधलेले होते. तेलबैल्याच्या दोन कातळभिंती घाटाच्या वरून आणि खालूनही दुरून ओळखू येतात, त्यामुळे रानात दिशा धरायला त्यांचा आधार होई. दोन भिंतींमधल्या खिंडीत भैरवाचे ठाणे आहे. घनगड आणि कोरीगड घाटांवर नजर ठेवून होते. मार्च १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. खालचा सुधागड तालुका मात्र भोर संस्थानात राहिला. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणारे भाविकही या वाटांनी उतरत.

मोठा बदल शेजारच्या बोरघाटाने घडवला. १८३० साली तिथे गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे मुंबईकडून १८५६ साली खोपोलीला पोचली आणि १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्याला. मधला घाट अजून फोडायचा होता. पाच वर्षे प्रवासी एका गाडीतून खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीतून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरी. पहिली गाडी पोचायची वेळ आणि दुसरी सुटायची वेळ यांचा मेळ घालत मधला काळ निभावण्याचा प्रकार महाराष्ट्रातल्या प्रवाशाला इथे भेटला. आधीच्या मुक्कामाला वेळापत्रक नव्हते, याला होते. १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली आणि तो थांबा संपला. त्याबरोबर व्यापाराचा ओघही रुळांकडे वळला आणि मुळशीच्या घाटवाटा गुरे, बाजारहाट आणि सोयरीक यांपुरत्या उरल्या.

त्यानंतरचा घाव पाण्याचा होता. मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात टाटांनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतले. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी तो नेला. लढा हरला, धरण झाले आणि पूर्वेला वाहणारे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे उतरवले गेले. जलाशयाखाली गावे आणि भातखाचरे बुडाली, आणि त्यांच्याबरोबर खोऱ्यातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटा, देवळे, चावड्याही. उतारूला भाकरी देणारी घरेच उठली, तेव्हा त्या वाटांवरचा मुक्कामही उठला. ही हानी नुकसानभरपाईच्या हिशेबात कधी धरली जात नाही.

१९४८ साली सरकारी एसटी सुरू झाल्यावर डोंगराळ तालुक्यांत मुक्कामाची नवी रीत आली: मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी रस्ता संपतो त्या गावापर्यंत जाते, रात्रभर तिथेच उभी राहते आणि पहाटे परतते. चालक-वाहक गाडीतल्या बाकांवर, देवळात किंवा शाळेच्या पडवीत पथारी टाकतात. पहाटेच्या गाडीने दूध, दवाखान्याचा रुग्ण आणि तालुक्याच्या शाळेची मुले शहराकडे निघतात. ती गाडी बंद होण्याची भाषा निघाली, की गाव खवळते, ते यामुळेच.

आता याच तालुक्यातल्या हिंजवडीतून रोज माणसे परदेशी निघतात. पुण्याहून थेट विमाने मोजकी असल्याने अनेकांना मुंबई, दुबई किंवा दोहा इथे दोन उड्डाणांच्या मधले तास काढावे लागतात. सिंगापूरचा चांगी विमानतळ अशा प्रवाशांना मोफत शहरफेरी घडवतो, टर्किश एअरलाइन्स इस्तंबूल दाखवते. मुंबईतही थांबा पुरेसा लांब असेल आणि व्हिसाची अडचण नसेल, तर शहरात एक फेरी होऊ शकते; मात्र रस्त्यावरची गर्दी आणि परतीची सुरक्षा तपासणी यांचा वेळ आधी वजा करावा लागतो. वाघजाईच्या वाटेवर आज भटके उतरतात. ठाणाळ्याच्या लेण्यांत थांबून पुढची चाल ते दिवसाच्या उरलेल्या उजेडावरून ठरवतात.