तीन पाळ्यांची पंगत

बोईसर स्टेशनवर उतरलेला माणूस रिक्षाने अर्ध्या तासात समुद्र गाठतो. पापलेटसाठी नावाजलेलं सातपाटी याच तालुक्यात आहे. तरी स्टेशनबाहेरच्या हॉटेलात शिरावं तर मेन्यूकार्डावर बहुधा तीनच प्रकरणं असतात: साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण त्यात शोधावं लागतं. वाडवळ, मांगेले, भंडारी, आगरी, वारली ही इथली मूळ वस्ती. त्यांचं जेवण हॉटेलच्या टेबलावर यायला फार उशीर झाला. त्याचं कारणही सरळ आहे. इथली हॉटेलं इथल्यांसाठी निघालीच नव्हती. इथला माणूस घरी जेवायचा. बाहेर जेवायचा तो बाहेरून आलेला.

रेल्वेआधी बाहेरचा माणूस बंदरात यायचा. चिंचणी-तारापूर, केळवे-माहीम ही तेव्हाची गजबजलेली गावं. तारापूरच्या विकाजी मेहेरजींसारखे पारशी सावकार निजामाच्या हैदराबादपर्यंत पैसा फिरवत होते. त्या काळचा व्यापारी आपल्या जातीच्या घरी उतरायचा, नाहीतर धर्मशाळेत चूल मांडायचा. पैसे देऊन परक्याच्या हातचं खाणं ही कल्पनाच विटाळापुढे टिकत नव्हती. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६४ मध्ये मुंबईची बाजू सुरतेशी जोडली आणि गावांचं वजन बदललं. तालुक्याचं ठाणं माहीमला होतं, ते कालांतराने रुळांजवळच्या पालघरला आलं. कचेरीबरोबर कारकून आले, वकील आले, तारखेला आलेले पक्षकार आले. दुपारी भूक लागलेला आणि घर दूर असलेला गिऱ्हाईक पालघरला मिळाला तो असा.

याच कचेरीवर १४ ऑगस्ट १९४२ रोजी मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकाचा पाचबत्तीचा चौक आजही शहराचा मध्यबिंदू आहे. वडापाव कुठे चांगला मिळतो, याचा पत्तासुद्धा पालघरकर पाचबत्तीपासून डावीकडे किंवा उजवीकडे असाच सांगतात.

बोईसरची गोष्ट वेगळी. तिथे कचेरी आली नाही, अणुभट्टी आली. भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या बोईसरजवळच्या तारापूरला उभ्या राहू लागल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरात देशातलं पहिलं अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं. केंद्र सरकारचा कारभार असल्याने माणसं देशभरातून आली. त्यांना वसाहत होती, क्वार्टर होती, कॅन्टीन होतं. अणुकेंद्राने बोईसरला इडली-डोसा खाणारा पगारदार दिला खरा, पण गावातली भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवली ती त्यानंतर आलेल्या एमआयडीसीने.

इथे कायद्याचं एक कलम समजून घ्यावं लागतं. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच कॅन्टीनची सक्ती करता येत होती. कंत्राटी कामगारांसाठी १९७० च्या कायद्याने ही मर्यादा शंभरावर आणली. एमआयडीसीच्या या तारापूर औद्योगिक वसाहतीत पोलाद आणि कापडाचे मोठे कारखाने आहेत, पण रंग, रसायनं आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे लहान कारखानेही पुष्कळ. चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्याला कॅन्टीन नाही. पाळ्या मात्र तीन: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. कायद्याने जी भूक बाहेर सोडली, तिच्यावर बोईसरची टपरी, मेस आणि हातगाडी उभी राहिली. शहराच्या खाद्यसंस्कृतीचं श्रेय आचाऱ्याला देण्याची पद्धत आहे; बोईसरपुरतं ते थोडं कारखाना निरीक्षकालाही द्यायला हवं.

मेस ही या गावाची खरी शाळा. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचा डबा किंवा बसून जेवण, भाजी विचारायची नाही. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून एकट्याने आलेला कामगार खोली चौघांत घेतो आणि मेस मात्र आपल्या मुलखाच्या माणसाची शोधतो. म्हणून नवापूर रस्त्याच्या आणि खोदाराम बागेच्या बाजूला एखाद्या गल्लीत मोहरीच्या तेलाची फोडणी आणि पलीकडच्या गल्लीत गोडसर डाळ, असं सहज घडतं.

वर्षानुवर्षं बाहेर जेवणाऱ्या इथल्या गिऱ्हाइकाची मतं ठाम असतात, आणि ती फारशी चुकत नाहीत. उडुपी पद्धतीच्या हॉटेलात डोशाची परीक्षा तो करत नाही. डोसा सगळीकडे बरा असतो. तो सांबार चाखतो. गुजरात जवळ असल्याने या पट्ट्यात सांबारात गूळ सढळ पडतो, अशी त्याची जुनी तक्रार. राईस प्लेटमध्ये दुसऱ्यांदा मागितलेली डाळ पहिल्या डाळीइतकी दाट आली, तर त्या हॉटेलात त्याचं नाव लागलं. पंजाबी भाज्यांवर त्याचा विश्वास नाही, कारण पनीरचं नाव बदलतं, रस्सा तोच राहतो. चायनीजच्या गाडीला मात्र तो मान देतो. तीन ते अकराची पाळी सुटल्यावर मोठ्या आचेवर समोर परतलेला भात देणारी तेवढीच जागा उघडी असते, आणि तांबडा शेजवान काय लपवतो याची चौकशी त्या वेळी कुणी करत नाही. याबाबतीत त्याचं मत जरा उदार आहे, हे मान्य करावं लागेल.

सरकारनेही या पंगतीत दोनदा वाढपी होऊन पाहिलं. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रं पुढे राज्यभर बंद पडली किंवा वडा-समोशाची दुकानं झाली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. पाळीभर उभं राहणाऱ्या माणसाला ती पुरत नाही.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वेगळीच चव आणली. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागा उभ्या करण्यात इराणी आणि पारशी कुटुंबांचा मोठा वाटा. त्यामुळे महामार्गावर ‘अहुरा’, ‘पारसी दा ढाबा’ अशा ठिकाणी ट्रकच्या रांगेशेजारी धनसाक आणि सल्ली बोटी मिळते. मुंबईकर त्यासाठी गाडी काढून येतात. बोईसरचा पाळीवाला तिकडे सहसा जात नाही. महामार्गावरच्या चिल्हार फाट्यापर्यंत जाऊन जेवायचं तर परतायला वाहन हवं.

१६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. मग एसी हॉल, फॅमिली रूम, बर्गर, पिझ्झा हे सगळं यथावकाश आलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. लक्षात घेण्यासारखा बदल केळव्याला झाला. शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी वाडवळी घरांनी अंगणात पानं मांडली आणि उकडहंडी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी पहिल्यांदा पैसे देऊन मिळू लागली. दक्षिणेकडे विरारजवळच्या आगाशीने हे खूप आधी केलं होतं. तिथलं भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे, कित्येक दशकं दुकानातून विकलं जातंय. उत्तरेकडे मात्र घरच्या पदार्थाला किंमत लावायला मुंबईचा पाहुणा यावा लागला.

आता बोईसर-पालघरच्या हॉटेलांतही ‘कोळी थाळी’ दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी पिल्लांची मासेमारी रोखण्यासाठी राज्याने ५४ जातींची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. मोठं पापलेट निर्यातीला आणि मुंबईला जातं, आणि थाळीच्या भावात बसतं ते तळहाताएवढं. जुना गिऱ्हाईक म्हणून आधी आकार विचारतो, उत्तर ऐकतो आणि मांदेली मागवतो. ती ताजी मिळण्याची शक्यता जास्त, आणि कडक तळली तर काट्यासकट खाता येते.