दारूगोळ्याचा साठा : गड, गढी व घर

दारूगोळ्याचा साठा : स्वसंरक्षणासाठी गडावर, गढीत किंवा राहत्या घरी दारू, गोळे, गोळ्या, शिसे, बाण इत्यादी सामग्री किती व कशी साठवावी, हा लष्करी व्यवस्थेतील एक जुना प्रश्न आहे. धान्य व पाणी यांचा साठा जितका अधिक तितका चांगला, असे सामान्यतः म्हणता येते. दारूच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. साठा अपुरा पडला तर तट शाबूत असूनही शरण जावे लागते आणि तो अवाजवी झाला किंवा चुकीच्या जागी ठेवला, तर शत्रूचा एक गोळा किंवा घरातील एक ठिणगी तट उद्ध्वस्त करण्यास पुरते. या दोन संकटांमधील प्रमाण शोधण्याचा प्रयत्न महाराष्ट्राच्या इतिहासात वेळोवेळी झालेला दिसतो.

साहित्य व त्याचे गुणधर्म : काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाने होते. तिच्यात सोऱ्याचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश असते. सोरा जुन्या गावठाणांतील खारवट माती पाण्यात कालवून, ते पाणी आटवून काढीत. गंधक मात्र पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांना प्रायः समुद्रमार्गे येणाऱ्या मालातून मिळवावा लागे. त्यामुळे युद्धकाळी बंदरे बंद झाली की नवी दारू करणे कठीण होई व आधीच्या साठ्यावरच भिस्त ठेवावी लागे. अशुद्ध सोरा हवेतील ओलावा चटकन शोषतो. सर्द झालेली दारू पेट घेत नाही, घेतली तरी तिचा जोर उरत नाही. सह्याद्रीतील चार महिन्यांच्या पावसात ही अडचण विशेष जाणवे. उलट गोळे व शिसे सहसा खराब होत नाहीत. शिशाच्या कांबी ठेवून गरजेप्रमाणे साच्यात गोळ्या पाडता येत. म्हणून साठ्याचा खरा प्रश्न गोळ्यांचा नसून दारूचा होता.

गणित : साठ्याचा अंदाज तोफांची व माणसांची संख्या, रोजचे बार आणि वेढ्याचे अपेक्षित दिवस यांवर अवलंबून असे. उदाहरणादाखल, सहा किलोग्रॅम वजनाचा गोळा फेकणाऱ्या तोफेस दर बारास दोन किलोग्रॅम दारू लागते असे धरले आणि दिवसास वीस बार काढले, तर एका तोफेस रोज चाळीस व महिन्यास बाराशे किलोग्रॅम दारू लागेल. अशा दहा तोफा असल्यास ही गरज बारा टनांवर जाते. बंदुकीचा बार दहा ग्रॅमचा धरला, तर शंभर बंदूकधाऱ्यांस प्रत्येकी वीस बारांप्रमाणे रोज वीस किलोग्रॅम दारू पुरते. यावरून तोफांची संख्या वाढविणे सोपे असले, तरी त्या चालत्या ठेवणे किती खर्चाचे होते, हे ध्यानात येईल. मराठ्यांच्या अनेक गडांची मदार तोफांपेक्षा अवघड चढण, दगडांचा मारा व बंदुका यांवर अधिक होती, याचे एक कारण या हिशेबात आहे.

आज्ञापत्रातील व्यवस्था : शिवकालीन अठरा कारखान्यांत दारूखाना हा तोफखान्याहून स्वतंत्र कारखाना म्हणून गणला जाई. गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस हे अधिकारी असत. त्यांपैकी सामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे असे. दारू साठविण्यासंबंधीचे सविस्तर नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) आढळतात. दारूखाना वस्तीजवळ किंवा घरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात असू नये. तो सदरेपासून दूर जागा पाहून बांधावा व त्याभोवती निर्गुडी व काटेरी झुडपे यांचे दाट कुंपण असावे. तळघरात गच्च करून, त्यावर माच घालून दारूची भांडी ठेवावी आणि बाण वगैरे वस्तू वेगळ्या खणात ठेवाव्या. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन साठा बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावा. दारूखान्यावर अहोरात्र पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण देऊन त्यांचे काने मेणाने बंद करावे, असेही त्यात सांगितले आहे.

हे नियम बारकाईने पाहिले असता त्यांमागील तत्त्व स्पष्ट होते. माचेमुळे जमिनीचा ओलावा दारूस लागत नाही, कुंपणामुळे माणसांची ये-जा थांबते, तर जिनसा वेगवेगळ्या ठेवल्याने एका ठिकाणची आग दुसरीकडे पोहोचत नाही. साठा किती असावा याचा एकच आकडा देण्याऐवजी, जो साठा नियमितपणे बाहेर काढून तपासता व वाळवता येतो तोच खरा साठा, ही कसोटी त्यातून निघते. जपता न येणारी दारू हिशेबात असते, उपयोगात नसते.

अनुभव : १८१७–१९ मधील तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू प्रत्ययास आल्या. मालेगावच्या भुईकोटात अरब शिबंदीने १८१८ च्या मे-जूनमध्ये निकराने लढा दिला. इंग्रजांचा पहिला हल्ला त्यांनी परतवून लावला. पुढे उखळी तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातील दारूकोठाराचा स्फोट झाला, तटाचा भाग ढासळला आणि शिबंदीस किल्ला सोडावा लागला. येथे साठा होता, पण तो माऱ्यापासून सुरक्षित नव्हता. अशीरगडाची गोष्ट याच्या उलट आहे. यशवंतराव लाड यांनी १८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये हा गड लढविला. गड उंच व बळकट होता, परंतु गडावरील दारू संपत आली आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. याच वेढ्यात इंग्रजांच्या मोर्चातील दारूसाठ्याचाही स्फोट होऊन त्यांचे अनेक शिपाई ठार झाले. म्हणजे साठ्याचे भय वेढणाऱ्यालाही तितकेच होते.

गढ्या : गडांची व्यवस्था राज्याकडे असे. गढी मात्र देशमुख, पाटील किंवा नाईक यांचे राहते घर असे. मराठवाड्यात व वऱ्हाडात पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, बुरूज व जंग्या असलेल्या अशा गढ्या पुष्कळ होत्या. सेनगाव, साखरा, औंढा या बाजूचा आजच्या हिंगोली जिल्ह्यातील मुलूख निजामाच्या राज्यात वऱ्हाडच्या सीमेलगत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे हटकर नाईकांचे प्राबल्य होते. त्यांपैकी नोवसाजी नाईक यांनी नोवा येथील गढीवजा किल्ल्यात निजामाच्या फौजेशी लढा दिला. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हाताखालील फौजेने त्यास वेढा घातला. सुमारे तीन आठवडे मोर्चे पुढे सरकवून व सुरुंग लावून ३१ जानेवारीस किल्ला हल्ल्याने घेण्यात आला. शिबंदीतील बहुतेक लोक मारले गेले. त्यानंतरच्या काळात हिंगोली हे निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेचे, म्हणजे पुढील हैदराबाद कंटिंजंटचे, एक मुख्य ठाणे झाले.

गढीत माणसे, गुरे, धान्याची पेवे व दारू एकाच आवारात असत. वस्तीपासून दूर दारूखाना बांधण्याचा आज्ञापत्रातील नियम तेथे पाळणे शक्य नसे. स्वयंपाकघराची चूल व दारूची कोठी यांत चार भिंतींचे अंतर असे. त्यामुळे गढीच्या धन्यापुढील प्रश्न किल्लेदाराच्या प्रश्नाहून बिकट होता. दरोडेखोरांस थोपविण्यापुरती दारू घरी ठेवणे शहाणपणाचे होते. सरकारी फौजेस तोंड देण्याइतकी दारू ठेवणे म्हणजे सर्व कुटुंबास तिच्याशेजारी झोपविणे होय. शिवाय असा साठा हाच सरकारच्या संशयास पुरेसा होई.

शस्त्रबंदी व परवाने : १८५७ च्या उठावानंतर घरचा साठा हा राजकीय प्रश्न बनला. त्या वर्षी शस्त्रबंदीचा कायदा झाला. मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे देण्यास नकार दिला व त्यांचा उठाव मोडून काढण्यात आला. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना मोठ्या तोफा व दारूसामग्री धारवाडास पाठविण्यास सांगण्यात आले. दत्तकाची परवानगी नाकारल्याने ते आधीच दुखावलेले होते. मे १८५८ च्या अखेरीस त्यांनी उठाव केला. त्यात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना फाशी देण्यात आले. संस्थानिकाने घरी किती दारू ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच या प्रकरणातील एक कळीचा मुद्दा होता.

लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयांस परवान्यावाचून बंदूक व दारूगोळा बाळगण्यास बंदी केली, यूरोपियनांना मात्र सूट दिली. या भेदभावाविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांतून मागण्या झाल्या. १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याने दारूचे उत्पादन, साठवण व वाहतूक यांवर नियंत्रण आणले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला व तो १९६२ मध्ये अंमलात आला. त्यात पिकांच्या रक्षणासाठी शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परवान्यावर बंदुकीच्या वर्णनाबरोबरच बाळगावयाच्या दारूगोळ्याचे प्रमाणही नमूद करण्यात येते. १९६२ च्या नियमांच्या जागी २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोन झाली. स्फोटक द्रव्यांच्या साठवणीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

अंतर, विभागणी, कोरडेपणा व नियमित तपासणी ही आज्ञापत्रातील चतुःसूत्री आधुनिक दारूगोळ्यासही लागू पडते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटके व कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागून झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारास ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीतही जीवितहानी झाली. प्रशिक्षित माणसे व खास बांधलेली कोठारे असतानाही धोका पूर्णतः टळत नाही, हे या दुर्घटनेवरून दिसते. घराच्या बाबतीत तर पहारा, अंतर व विभागणी यांची सोय जवळजवळ नसतेच. म्हणून घरी किती दारूगोळा असावा, याचे उत्तर शत्रूच्या भीतीवरून काढण्यापेक्षा तो सुरक्षितपणे सांभाळण्याच्या कुवतीवरून काढणे योग्य ठरते.