यमुनेवरील जुना लोखंडी पूल
दिल्लीत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना यमुना म्हटली की पानिपत आठवते. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. परंतु अब्दाली पैलतीरी आणि यमुनेला महापूर. पाणी ओसरताच, भाऊ उत्तरेस कुंजपुऱ्याकडे असताना, अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून ऑक्टोबरअखेर सैन्य पार केले. मराठ्यांची दिल्लीची वाट अडली. १४ जानेवारी १७६१ ला पुढे काय झाले, हे सर्वश्रुतच आहे.

१८५७ सालीही येथे नावांचाच पूल होता. ११ मे रोजी मेरठचे शिपाई त्यावरूनच शहरात आले. ईस्ट इंडियन रेल्वेची गाडी १८६४ पासून पैलतीरापर्यंत येऊ लागली. सलीमगडाला लागून बांधलेला लोखंडी पूल १८६६ साली तयार झाला, तेव्हा ती दिल्लीत शिरली. सुमारे २०२ फुटांचे बारा गाळे, वर रूळ, खाली सडक, अशी त्याची रचना. १९१३ साली रुळांची दुसरी जोडी आली.

दिल्लीच्या पुराचे मोजमाप याच पुलापाशी होते. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर. १९७८ साली पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले, तर १३ जुलै २०२३ रोजी २०८.६६ मीटरपर्यंत. तेव्हा पुलावरील वाहतूक थांबवावी लागली.

मुलाबाळांना हा पूल दाखवताना, तो नसताना मराठ्यांवर काय ओढवले तेही आपण सांगावे, असे आम्हांस वाटते.