फियाट आणि मारुती : दोन जुन्या मोटारी

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, त्या काळी जुनी मोटार म्हणजे बहुधा फियाट किंवा अँबॅसडर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. खेड्यातला मिस्त्रीही ती उघडून पुन्हा जोडी. परवान्यांच्या त्या युगात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून जुनीचाही भाव चढा, सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा. वैजापूर-गंगापूरकडे रात्री कुणी अत्यवस्थ झाले की लोक मिशनचे दार ठोठावीत, ते रुग्णाभ्यंगासाठी तसेच गाडीसाठीही. घाटी रुग्णालय दूर होते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन ७९६ सी.सी.चे, गती पुढच्या चाकांना, पेट्रोल बेताचे. चिखलाच्या वाटेवर मला आजही जड फियाटच भरवशाची वाटते (आमचे तरुण हसतात!). परंतु काही वर्षांनी जुनी मारुती शिक्षकाच्या पगारात बसू लागली, आणि रुग्णाला शहरात नेण्यास गावातलीच गाडी निघू लागली. हे फियाटने कधी साधले नव्हते. मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर ती अजून दिसते.