आर्ट स्कूल आणि बोरघाट

मुलगा चित्रें चांगलीं काढतो हें ऐकून ज्यास आनंद होत नाहीं असा बाप विरळा. परंतु तोच मुलगा शालान्त परीक्षा होतांच ‘मी आर्ट स्कूलमध्येंच जाणार’ असें म्हणूं लागला, म्हणजे ज्याच्या कपाळास आठी पडत नाहीं असा बाप त्याहूनहि विरळा. चित्रें काढून पोट भरेल काय, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. त्याचें उत्तर देतांना कोणी पदकें मोजतो, कोणी पगार मोजतो. कलाशाळांच्या वृत्तांतांत माजी विद्यार्थ्यांचीं नांवें, त्यांचीं पारितोषिकें व नेमणुका यांच्या याद्या येतात. त्या वाचून आईबापांचें क्षणभर समाधानहि होतें. परंतु यादी म्हणजे इतिहास नव्हे. शिकून बाहेर पडलेल्या मनुष्यास काम कोणतें मिळालें, तें कोणी दिलें, त्याचा खर्च कोणी सोसला, आणि तें काम मागें टिकलें काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें जेथें सांपडतात तेथें त्या विद्येचा इतिहास सुरू होतो. हीं उत्तरें शोधण्यास प्रदर्शनाच्या दालनांत न शिरतां मुंबईहून खालापूर-कर्जतच्या वाटेनें बोरघाटाकडे निघावें, असें मला वाटतें. त्याचें कारण पुढें दिसेल.

या वाटेचा आणि मुंबईच्या आर्ट स्कूलचा जन्म एकाच सुमाराचा आहे. १८५६ सालच्या मे महिन्यांत आगगाडी पळसदरीवरून खोपोलीस येऊन पोंचली व तेथेंच थांबली. कारण पुढें घाट होता. १८५८ सालीं पलीकडे खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले, तरी मधला घाट उतारूंस पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतून गाडी धांवूं लागली तेव्हां ही अडचण संपली. इकडे सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून २ मार्च १८५७ रोजीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें रेखाटनाचे वर्ग उघडले. हेंच पुढें ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट’ झालें. एकीकडे रूळ आणि दुसरीकडे रेखाटन, असा हा नव्या काळाचा जोड आरंभ होता.

शाळेचा मूळ हेतु थोर चित्रकार निर्माण करण्याचा नव्हता, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. येथील कारागिरास आकाराचें व रेखाटनाचें शास्त्रशुद्ध ज्ञान मिळावें आणि त्याच्या हातच्या वस्तु सुधाराव्या, एवढीच दात्याची व सरकारची अपेक्षा होती. १८६६ सालीं शाळेंत तीन कार्यशाळा निघाल्या : सजावटीचें चित्रण ग्रिफिथ्स यांच्याकडे, मातींत घडविण्याचें काम लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि नक्षीदार लोखंडकाम हिगिन्स यांच्याकडे. विद्यार्थ्यांनीं माती, गिलावा, दगड व लोखंड हाताळीत शिकावें, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचें सर्वांत मोठें फळ कोणतें, असें कोणी विचारल्यास मी बोरीबंदरकडे बोट दाखवीन. १८७८ सालीं बांधण्यास घेतलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील नक्षीकामांत आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दगडांतले पशुपक्षी, पानाफुलांच्या वेली, कमानींच्या कडा, लोखंडी जाळ्या हें सारें आपल्या डोळ्यांसमोर असतें. आज त्या स्थानकास छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, आणि खोपोली-कर्जतच्या लोकल तेथूनच सुटतात. रोज त्या छपराखालून जाणाऱ्या प्रवाशास या विद्यार्थ्यांपैकीं एकाचेंहि नांव ठाऊक नसतें. तरीहि आपल्या चार प्रश्नांचीं उत्तरें येथें स्पष्ट आहेत. काम मोठें होतें. तें रेल्वे कंपनीनें दिलें. खर्च तिनेंच सोसला. आणि तें सव्वाशेंहून अधिक वर्षें टिकलें आहे. विद्यार्थ्याच्या वांट्यास कीर्ति आली नाहीं, पण धोकाहि आला नाहीं.

पुढच्या पिढींत नांवें पुढें आलीं. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं शाळेंत आले, १८९५ सालीं त्यांना बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें, आणि मग त्याच शाळेंत शिक्षक होऊन ते थेट संचालकाच्या खुर्चीपर्यंत चढले. आपल्या त्या दीर्घ संबंधाचा वृत्तांत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या पुस्तकांत लिहून ठेवला आहे. गणपतराव म्हात्रे यांनीं विद्यार्थिदशेंतच ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला आणि त्यांचें नांव सर्वत्र झालें. खालापूर ज्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांत मोडतें, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील सासवणें गांवचे विनायकराव करमरकर. त्यांनीं भिंतीवर काढलेलें शिवाजी महाराजांचें चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या दृष्टीस पडलें, आणि त्याच्या साहाय्यानें हा खेड्यांतला मुलगा मुंबईच्या आर्ट स्कूलांत पोंचला. त्यांचा पुण्यांतील शिवाजी महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालचा. या तिघांचें यश निर्विवाद आहे. परंतु त्यामागें सरकारी पगार, संस्थानिकांचीं कामें, स्मारक-समित्यांच्या वर्गण्या, किंवा एखाद्या गुणज्ञ अधिकाऱ्याची नजर असे कांहींना कांहीं पाठबळ होतें. गुण त्यांचा, पण खजिना दुसऱ्याचा, अशी ही स्थिति होती.

ज्यानें हा नियम मोडला तो मनुष्य घाटमाथ्यावर भेटतो. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं गिरगांवांत काढलेला शिळाछापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें तेथून घरोघर पोंचलीं. रविवर्मे आर्ट स्कूलचे विद्यार्थी नव्हते. पण त्यांच्या छापखान्याशीं ज्यांचा संबंध आला ते धुंडिराज गोविंद फाळके मात्र होते. १८८५ सालीं ते मुंबईच्या आर्ट स्कूलांत दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, कांहीं काळ सरकारी पुराणवस्तुखात्यांत राहिले, आणि तेथून बाहेर पडून लोणावळ्यास त्यांनीं छपाईचा स्वतःचा धंदा मांडला. रेखाटन, छायाचित्रण, ठसे करणें, रंग बसविणें या सर्व विद्या एका हातांत जमल्या, आणि त्यांच्याच बळावर ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे तर मूकपट तयार होऊन ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन थिएटरांत झळकला. आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्याला प्रथमच असा धनी मिळाला, ज्याची ओळख पटवावी लागत नाहीं आणि ज्याच्या दारीं तिष्ठत बसावें लागत नाहीं. तो धनी म्हणजे तिकीट काढणारा सामान्य प्रेक्षक.

परंतु हा धनी पैसे देतो ते काम पुरें झाल्यावर. तोंपर्यंतचें भांडवल कोणी घालावें? फाळक्यांनीं आरंभीं घरचें किडूकमिडूक गहाण टाकलें. पुढें १९१८ सालीं भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, तेव्हां भांडवल आलें पण मतभेदहि आले. ते कंपनी सोडून काशीस गेले, परत आले, आणि शेवटीं १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास ओढगस्तीच्या स्थितींत वारले. आज देशांतला चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च सन्मान त्यांच्या नांवें दिला जातो. चित्रपट हा कलाशाळेच्या विद्येस मिळालेला सर्वांत मोठा कारखाना खरा. पण त्या कारखान्याचा धनको कोण, हा प्रश्न त्याच दिवशीं उभा राहिला व अद्याप मिटलेला नाहीं.

त्या कारखान्यांत पुढें आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनीं मोठीं कामें केलीं. कोल्हापूरच्या भानु राजोपाध्ये, अथय्या या नांवानें प्रसिद्ध झालेल्या, याच शाळेंत चित्रकला शिकल्या आणि चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ सालीं त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय. वृद्धपणीं, २०१२ सालीं, आपल्या मागें त्याची नीट जपणूक व्हावी म्हणून त्यांनीं तें स्मृतिचिन्ह अमेरिकेंतील संस्थेकडेच परत पाठविलें. सन्मान घरीं आणला खरा, पण तो ठेवण्यास खात्रीची जागा घरीं सांपडली नाहीं. माझ्या मतें आमच्या कलेच्या इतिहासांत ही गोष्ट पारितोषिकाइतकीच नमूद करण्यासारखी आहे.

‘लगान’ या २००१ सालच्या चित्रपटास वेशभूषेचें राष्ट्रीय पारितोषिक अथय्याबाईंना मिळालें, आणि कलादिग्दर्शनाचें मिळालें नितीन चंद्रकांत देसाई यांना. येथें आपण पुन्हा खालापूर तालुक्यांत येऊन पोंचतों. देसाई मूळचे कोंकणांतले, मुंबईच्या जे. जे. व रहेजा या कलाशाळांत त्यांनीं छायाचित्रणाचें शिक्षण घेतलें, आणि १९८७ च्या सुमारास दूरदर्शन-मालिकांच्या नेपथ्यापासून कामास सुरुवात केली. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ व ‘देवदास’ या चार चित्रपटांबद्दल त्यांना राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. एवढ्यावर थांबले असते तर त्यांचें चरित्र यादींत छान बसलें असतें.

ते थांबले नाहींत. नेपथ्यकाराचें दुःख असें कीं त्यानें बांधलेला राजवाडा चित्रण संपतांच पाडला जातो. हें दुःख संपविण्यासाठींच कीं काय, २००५ सालीं त्यांनीं चौकजवळ, इरसाळगडाच्या मुलखांत, सुमारें बावन्न एकरांवर आपला स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’ साठीं मोगलांचे महाल येथें उठले. ‘राजा शिवछत्रपति’ या मालिकेसाठीं मराठ्यांचें राज्य येथें उभें राहिलें. चौक हें परंपरेनें नेताजी पालकरांचें गांव. याच तालुक्यांतील उंबरखिंडींत २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास कोंडून शरण आणलें. जेथें इतिहास घडला त्याच मातींत इतिहासाचें नेपथ्य उभें राहावें, हा योग मनोहर होता. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. येथें सुतार, साचे ओतणारे, गिलावा चढविणारे, रंगारी असे अनेक कारागीर एका रेखाटनाबरहुकूम राबत. १८६६ सालच्या कार्यशाळांत जें एकत्र शिकविण्याचें योजिलें होतें, तें येथें एकत्र नांदत होतें.

पण भेद मोठा होता. बोरीबंदरचा खर्च रेल्वे कंपनीचा होता. येथला एका कलावंताच्या शिरावर होता. तेथें दगड होता. येथें लांकूड, फळ्या व प्लास्टर. कोंकणच्या पावसांत प्लास्टरच्या भिंतीची डागडुजी दरसाल करावी लागते, आणि उत्पन्न मात्र ज्या दिवशीं चित्रण चालतें त्याच दिवशीं येतें. करोनाच्या साथींत चित्रण बंद पडलें, २०२१ च्या मे महिन्यांत ‘जोधा अकबर’च्या नेपथ्यास आग लागली, कर्ज वाढत गेलें. २०२३ च्या जुलैंत त्यांच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजीं, अठ्ठावन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला असतां, देसाई यांनीं त्याच स्टुडिओंत आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या अंतःकरणांत काय होतें याचा तर्क करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. इतिहासानें एवढेंच पाहावें कीं ज्या कामास पूर्वीं रेल्वे कंपनी किंवा संस्थान लागे, तें एका मनुष्यानें एकट्याच्या सहीवर उचललें होतें.

यावरून कोणी म्हणेल कीं आठी पाडणारा बापच खरा शहाणा. मला तसें वाटत नाहीं. पोट भरत नाहीं हें म्हणणें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. चित्रें, पुतळे, छापील तसबिरी, वेशभूषा, नेपथ्य यांवर हजारों घरें चाललीं आहेत. उणीव कलेंत नव्हती, काम मिळण्यांतहि नव्हती. उणीव होती ती कला व भांडवल यांच्यामध्यें उभ्या राहणाऱ्या विश्वासू मध्यस्थाची. जमाखर्च पाहणारा भागीदार, जोखीम वांटून घेणारी संस्था, आणि झालेलें काम जतन करणारें संग्रहालय हीं तीन जेथें होतीं तेथें विद्यार्थ्याचें काम टिकलें. जेथें नव्हतीं तेथें फाळक्यांसारखा पुरुषहि थकला. सासवण्यास करमरकरांचें शिल्प त्यांच्या राहत्या घरीं जपलें गेलें आहे. असें भाग्य नेपथ्यकारांच्या वांट्यास सहसा येत नाहीं.

तेव्हां मुलगा किंवा मुलगी आर्ट स्कूलांत जाऊं म्हणाली तर तिला अवश्य पाठवावें. मात्र रंग आणि कुंचल्याबरोबर करारनामा वाचण्याची व हिशेब ठेवण्याची विद्याहि तिच्या पदरीं बांधावी. १९८१ सालीं जे. जे. शाळा मुंबई विद्यापीठाशीं जोडली गेली व तिच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळूं लागली. परंतु हा विषय त्या पदवीच्या अभ्यासक्रमाइतकाच घरच्या संस्काराचा आहे. आणि आपण, जे तिकीट काढून महाल पाहतों व बाहेर येऊन विसरतों, त्यांनींहि एक करावें. खोपोलीच्या गाडींत बसण्यापूर्वीं बोरीबंदरच्या कमानीकडे एकदां मान वर करून पाहावें. तें काम कोणा विद्यार्थ्याचें आहे, आणि तें टिकावें म्हणून कोणीतरी पैसा मोजला व कोणीतरी निगा राखली, म्हणून तें आज आपल्या डोक्यावर आहे.