सँडोचे डंबेल्स आणि औंधचा नमस्कार

रथसप्तमी जवळ आली की सूर्यनमस्काराच्या शिबिरांची पत्रके फिरू लागतात. त्यांतली दोन विधाने ठरलेली असतात. एक, ही पाच हजार वर्षांची परंपरा आहे. दुसरे, हिने थायरॉइड, मधुमेह, पाळीचे विकार मुळापासून बरे होतात. पहिल्या विधानाच्या वजनावर दुसरे खपते. इतकी जुनी गोष्ट आहे म्हटल्यावर पुरावा कोण मागणार? म्हणून आधी पहिलेच तपासायला हवे. मोजून, ठरावीक क्रमाने, वर्गावर्गांतून घालायचा व्यायाम म्हणून आज जो सूर्यनमस्कार आपण ओळखतो, त्याच्या जडणघडणीतला मोठा वाटा सातारा जिल्ह्यातल्या औंधचा आहे, आणि तो काळ आपल्या पणजोबांचा आहे.

औंध संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांचा होता. औंध आज साताऱ्यात. आटपाडी आणि किर्लोस्करवाडीचे कुंडल सांगलीत. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनाची त्यांना आवड होती आणि व्यायामाचे तर वेडच होते. मात्र या वेडाची सुरुवात नमस्काराने झाली नाही. 1897 च्या सुमारास त्यांनी युजीन सँडो या युरोपातल्या नामांकित शरीरसौष्ठवपटूची पुस्तके आणि उपकरणे मागवली व सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने मेहनत केली. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आग्रहावरून 1908 च्या आसपास ते नमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांना अनोळखी नव्हते, वडीलही घालत असत. पण नियमितपणा, मोजदाद, शरीराच्या प्रत्येक भागाला काम मिळते का हे पाहण्याची नजर यांत सँडोच्या शिस्तीचा वाटा दिसतो. राजेसाहेबांनी दहा अवस्थांचा क्रम पक्का केला आणि तो संस्थानातल्या शाळांत सुरू केला. 1928 मध्ये इंग्रजी पुस्तक निघाले आणि 1938 मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनच्या वाचकांपुढे गेले. सँडोकडून आपण काय घेतले ते राजेसाहेबांनी लपवले नव्हते. ते पुसले गेले नंतर.

यावर कोणी म्हणेल, नमस्कार जुनाच आहे, राजाने फक्त प्रचार केला. यात तथ्य आहे. सूर्याची बारा नावे घेऊन साष्टांग नमस्कार घालण्याचा तृचाकल्पासारखा विधी होताच, आणि तालमीतल्या जोराशी त्याचे नाते उघड दिसते. पण उपासनेचा विधी असणे वेगळे आणि योगशास्त्रातला उपचार असणे वेगळे. ‘हठयोगप्रदीपिके’च्या आसनांत सूर्यनमस्कार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत तो येतो, पण कसा? साधकाने टाळावेत अशा कायाक्लेशांच्या उदाहरणांत, फार सूर्यनमस्कार घालणे म्हणून! 1930 च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातही कृष्णम्माचार्यांचा योगवर्ग वेगळा आणि सूर्यनमस्काराचा वर्ग वेगळा भरत असे. दोन्ही एकत्र मिसळले ते त्यानंतर. तेव्हा प्राचीनतेचा दावा विधीपुरता खरा आहे. आजाराच्या यादीला तो लावता येत नाही.

खरी गोम बीजाक्षरांत आहे. ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ म्हणून पहिला नमस्कार. मग ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः. श्रद्धेने म्हणणाऱ्याला त्याचे कारण देण्याची गरज नव्हती. राजेसाहेबांनी मात्र कारण दिले: या अक्षरांच्या कंपनांनी आतल्या अवयवांना चालना मिळते. इथे उपासनेने शरीरशास्त्राचा अंगरखा चढवला. स्वर लांबवला की छातीत कंप जाणवतो हे खरे. तो ‘हो’ म्हटल्यानेही जाणवतो. जाणवणारा कंप आणि बरा होणारा अवयव यांच्यामधली पायरी कोणी दाखवली? एका तुकडीने बीजाक्षरे म्हणत, दुसरीने नुसते आकडे मोजत तेवढेच नमस्कार घालायचे आणि वर्षभराने दोन्ही तुकड्यांची तब्येत ताडून पाहायची, एवढी साधी ती कसोटी आहे. गंमत अशी की याच राजाने पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी मदत देऊ केली. हस्तलिखिते समोरासमोर ठेवून, मागून घुसलेले श्लोक बाजूला काढण्याचे ते काम. महाभारताला लावलेली चाळणी नमस्काराला लागली नाही. तरी राजेसाहेब निदान स्वतः रोज घाम गाळून बोलत होते. आजचे शिबिरवाले त्यांची कंपने तेवढी उचलतात. सँडो आणि मिरज गाळून टाकतात.

या दाव्यांच्या मागे असते ती ‘पूर्वीची माणसे ठणठणीत होती’ ही समजूत. सँडोची उपकरणे आली त्याच सुमारास, 1897 साली, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. 1911 ते 1921 या दशकात, इन्फ्लुएन्झाच्या साथीसह, हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. आपल्याला आठवतात ते नव्वदी गाठलेले आजोबा; पाळण्यात गेलेली त्यांची भावंडे आठवणीत उरत नाहीत. त्या काळच्या माणसांना औषधांवाचून बरे होण्याचा अभिमानही परवडत नव्हता. 1894 पासून मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल होते आणि लांबलांबचे रुग्ण तिकडे जात होते.

तरीही एक आक्षेप उरतो: चुकीच्या कारणाने का होईना, लोक व्यायाम करतात, मग बिघडले कुठे? व्यायामाने दम वाढतो, पाठ-मांड्या मोकळ्या होतात, साखर आटोक्यात राहायला मदत होते. तेवढ्यावर थांबले तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते ‘मुळापासून बरे’ या शब्दांवर विसंबून कोणी थायरॉइडची गोळी किंवा इन्सुलिन बंद करतो तेव्हा. त्यामुळे शिबिर भरवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: पत्रकावर पाच हजार वर्षांच्या जागी औंध, मिरज आणि सँडो ही नावे छापा, आजारांची यादी काढून टाका, आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका हे ठळक अक्षरांत लिहा.