उत्तर न दिलेली चिठ्ठी

विज्ञान आणि व्यक्तिस्वातंत्र्य हा वाद काही आजचा नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. साधनं होती, पण मूल कधी व्हावं हे बाईनं ठरवावं, हे लोकांना सोसेना. कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. प्रश्न विकृत वाटला तरी ती विकृती ज्ञानानंच जाईल, असा त्यांचा मुद्दा. तरी दंड झालाच. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्वे गेले त्या वर्षापर्यंत, चाललं.

हे सगळं मी निवृत्तीनंतर वाचलं. इथं सोलापुरात शिकवत असताना एका मुलीनं निबंधाच्या वहीत चिठ्ठी ठेवली होती. पाळीबद्दलचा साधा प्रश्न. मी मराठीचा मास्तर. लाजलो, चिठ्ठी फाडली, वही परत दिली. तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

आता त्या कोर्टाला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू? नातवंडांनी काही विचारलं, तर माझ्यासारखं करू नका.